सर्वानुमते

आमच्या मोहल्ला कमिटीचे रजिस्टर माझ्याकडे असते. जाड पुठ्ठ्याचे, दोनशे पानांचे, वरती माझ्याच अक्षरात मराठीत आणि खाली उर्दूत नाव घातलेले. कमिटीची मी सभासद नाही. बैठक इशाच्या नमाजनंतर मकतबच्या खोलीत भरते आणि तिथे बायकांनी जाण्याचा रिवाज नाही. येऊ नका असे कुणी कधी सांगितले नाही, या असेही सांगितले नाही. परंतु मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, बी.एड. झालेली आहे, आणि नगर परिषदेला किंवा वीज कंपनीला दिलेला अर्ज शुद्ध मराठीत असला की टेबलामागचा माणूस तो निदान वाचून पाहतो, असा आमच्या लोकांचा अनुभव आहे. म्हणून माझा धाकटा भाऊ बैठकीत उर्दूत चार ओळी टिपून आणतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी त्यांचा ठराव तयार करते. माझे माहेर आणि सासर एकाच मोहल्ल्यात, मध्ये फक्त सहा घरे. त्यामुळे हे काम लग्नानंतरही सुटले नाही.

ठरावाची भाषा मी एका जुन्या नमुन्यावरून उचललेली आहे. वर तारीख, मग विषय, मग सूचक आणि अनुमोदक, आणि शेवटी ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. ही शेवटची ओळ लिहिताना मी कधी थांबले नव्हते. अर्जाच्या शेवटी ‘आपला नम्र’ लिहितात तशी ती ओळ. नाली तुंबली आहे, खांबावरचा दिवा गेला आहे, शाळेसमोर संत्र्याचे ट्रक उभे राहतात. यात मतभेद कशाला असणार?

मी कमिटीची तक्रार करते आहे असे कुणी समजू नये. मय्यत झाली तर कबर खोदण्यापासून परगावच्या नातेवाइकांच्या जेवणापर्यंत कमिटी बघते. लग्नाच्या देगा, सतरंज्या, चटया तिच्याकडे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ज्या घरांची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्यांच्याकडे याच लोकांनी पीठ आणि तेल पोचवले, आणि देताना धर्म विचारला नाही. हे सगळे कोणत्याही कायद्याच्या आधाराशिवाय. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांमध्ये वॉर्ड समित्यांची तरतूद केली, पण तिची सक्ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. खेड्याला ग्रामसभा आहे, महानगराला वॉर्ड समिती आहे. चांदूर बाजारसारखे गाव या दोहोंच्या मध्ये राहून जाते. ती रिकामी जागा आमच्यासारख्या कमिट्या भरून काढतात. त्यांच्यामागे ना शिक्का आहे ना पगारी कारकून. आहे ती फक्त लोकांची जबान. आणि म्हणूनच त्या जबानीबद्दल लिहिताना अधिक जपून लिहायला हवे होते, हे मला उशिरा कळले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक खाला राहतात. नात्याने कुणाच्याच नाहीत, त्यामुळे सगळ्यांच्या खाला. शोहर बागवानी करायचे, म्हणजे आंबिया बहाराची संत्र्याची बाग फळ झाडावर असतानाच विकत घ्यायची आणि माल नागपूरला पाठवायचा. ते वारले. मुलगा भिवंडीला यंत्रमागावर गेला तो तिकडचाच झाला. खालांच्या घरावर एक खोली आहे, बाहेरून वेगळा जिना असलेली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती भाड्याने द्यायचे त्यांनी ठरवले. भाडे अठराशे रुपये.

खोली मागायला आली ती एक नर्स. यवतमाळ जिल्ह्यातली, नुकतीच बदलून आलेली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. आडनावावरून बौद्ध असल्याचे कळत होते. मोहल्ल्याला ती अनोळखी नव्हती. पोलिओच्या रविवारी ती आमच्या घराघरांत आलेली होती. परका पुरुष जिथे उंबऱ्याबाहेर थांबतो, तिथे ती थेट आतल्या खोलीपर्यंत जायची, बाळंतिणीजवळ बसायची, तिला चहा विचारला जायचा. एक दिवस ती शाळेत माझ्याकडे आली. म्हणाली, ‘मॅडम, खालाची वरची खोली खाली हाये म्हनतात. मले पाह्यजे होती. तुमी सांगून पाहा ना.’ मी हो म्हटले. खालांना सांगितले. त्यांना ती पसंत होती. रात्रीबेरात्री दुखलेखुपले तर वर नर्स आहे, याहून चांगला भाडेकरू कोणता?

पुढच्या बैठकीनंतर भावाने चिठ्ठी आणून दिली. उर्दूत लिहिले होते, ऊपर का कमरा बाहर की अकेली औरत को न दिया जाए, सब की राय है. मी त्याला विचारले, काय बोलणे झाले? तो म्हणाला, ‘ज्यादा कुछ नहीं आपा. अकेली है, लोग आएंगे-जाएंगे, लडके खराब होंगे.’ आणि ती बौद्ध आहे याबद्दल? ‘वो किसी ने बोला नहीं. वो तो सब को मालूमच था ना.’

दुसऱ्या दिवशी मी ठराव लिहिला. मोहल्ल्यातील वातावरण लक्षात घेता बाहेरील एकट्या व्यक्तीस खोली भाड्याने देण्यात येऊ नये. ठराव सर्वानुमते मंजूर. ‘औरत’ची मी ‘व्यक्ती’ केली. कागद सभ्य दिसावा म्हणून. हे मी आज कबूल करते, त्या दिवशी ते मला भाषेचे चांगले काम वाटले होते.

दोन दिवसांनी खाला घरी आल्या. त्यांना मराठी वाचता येत नाही. म्हणाल्या, माझ्या खोलीबद्दल काय लिहिले आहे ते पढ के सुना. मी वाचले आणि अर्थ सांगितला. ‘सर्वानुमते’पाशी त्यांनी मला थांबवले.

‘सर्वानुमते याने?’

‘सब की राय से, खाला.’

‘सब में मैं हूँ के नहीं?’

मी गप्प राहिले. त्या उठताना म्हणाल्या, ‘तो फिर महीने के अठारा सौ भी सब देंगे क्या, पूछ ले.’

मी विचारले नाही. नर्सलाही मीच सांगितले, खोली आता द्यायची नाही म्हणतात. तिने कारण विचारले नाही. बऱ्याच वेळा ऐकलेले असावे. ती अचलपूरला राहू लागली आणि रोज एसटीने जाऊ-येऊ लागली.

उर्दूत एक फारसी म्हण सगळ्यांच्या तोंडी असते, खामोशी नीम रजा, म्हणजे गप्प राहणे ही अर्धी संमती. संस्कृतातही मौनाला संमतीचे लक्षण म्हटले आहे. आमच्या बैठकीत अकरा माणसे होती. भावाच्या सांगण्यावरून बोलले तिघेच. आठ गप्प होते. त्या आठांची अर्धी-अर्धी संमती मिळवून चार होतील, सर्व कसे होतील? आणि जे त्या खोलीतच नव्हते त्यांचे काय? खाला, मी, माझ्या सासूबाई, गल्लीतल्या तीस-चाळीस बायका. आमचे मौन तर ऐकायलाही कुणी नव्हते. 

फिक्हच्या शास्त्रकारांनी यावर म्हणीपेक्षा खोल विचार केलेला आहे. उस्मानी तुर्कांनी १८६९ ते १८७६ या काळात हनफी दिवाणी कायद्याची जी संहिता तयार केली, ती ‘मजल्ला’ नावाने ओळखली जाते. तिच्या सुरुवातीला शंभराच्या आसपास मूळ सूत्रे आहेत. त्यातल्या ६७ व्या सूत्राचा आशय असा की जो गप्प आहे त्याच्या नावावर कुठलेही विधान चढवता येत नाही. मात्र जिथे बोलणे आवश्यक होते तिथले मौन हे विधानच ठरते. पहिला भाग खालांच्या बाजूचा आहे. दुसरा भाग माझ्यावर येऊन पडतो. मला बैठकीत बोलता आले नसते, पण कागद माझ्या हातात होता. लिहिण्याआधी भावाला परत पाठवून ‘खालांना विचारले का?’ एवढे विचारणे शक्य होते. ती बोलण्याची जागा होती.

खालांनी अठराशे रुपयांचा जो सवाल केला, त्याने मला अधिक दिवस छळले. शेजाऱ्याच्या घरात कोण येणार यावर शेजाऱ्याचा काही हक्क असतो का? इस्लामी कायद्यात असा एक हक्क आहे, शुफा. कुणी घर किंवा जमीन विकायला काढली तर परक्याआधी ती विकत घेण्याचा हक्क. भागीदाराला तो आहेच. हनफींच्या मते लागून असलेल्या शेजाऱ्यालाही आहे, शाफईंना हे मान्य नाही. मोहल्ल्यात नको असलेला माणूस येऊ नये हा हेतू त्यात उघड आहे. तेव्हा माझ्या बडे अब्बांनी, जे कमिटीचे सदर आहेत, मला शुफाचे नाव ऐकवले यात नवल नाही.

पण शुफाच्या अटी बघाव्यात. एक, विक्रीची खबर कानावर पडताच शेजाऱ्याने ताबडतोब दावा बोलून दाखवला पाहिजे. याला तलब-ए-मुवासिबत म्हणतात. ऐकून गप्प राहिला तर हक्क गेला. म्हणजे इथे मौनाची किंमत अडवणाऱ्याने मोजायची आहे. दोन, हा हक्क विक्रीत लागू होतो, भाड्यात नाही. आणि तीन, जी मला सर्वांत मोलाची वाटते, ती अशी की परका जी किंमत द्यायला तयार आहे तेवढीच किंमत शेजाऱ्याला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. मालकाचे एका पैचे नुकसान करून परक्याला रोखता येत नाही. खालांनी मजल्ला वाचलेला नाही, आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नाही. परंतु त्यांनी नेमके हेच विचारले होते. त्यांचे दार बंद ठेवायचे असेल तर त्याचे पैसे द्या. आमच्या कमिटीने शुफाचा अडवण्याचा भाग घेतला आणि देण्याचा भाग सोडून दिला. दोन वर्षांचे त्रेचाळीस हजार दोनशे रुपये होतात. मोहल्ल्याची इज्जत राखण्यासाठी एवढी रक्कम एका विधवेने भरली, बाकीच्यांनी फक्त मान हलवली.

आपल्या देशात शेजाऱ्याच्या शुफाचे पुढे काय झाले तेही सांगते. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने भाऊराम खटल्यात असा निकाल दिला की भागीदाराचा हक्क ठीक, पण निव्वळ शेजारी आहे म्हणून कुणाला असा हक्क देणे घटनेत बसत नाही. त्या प्रकरणात रेवा आणि पंजाबच्या कायद्यांबरोबर आमच्या वऱ्हाडचा १९२८ चा जमीन महसूल कायदाही न्यायालयापुढे होता. न्यायालयाचे म्हणणे असे की धर्म, वंश, जात यांनी वेगळा असलेला माणूस शेजारी येऊ नये हा या हक्कामागचा हेतू आहे आणि घटनेचे १५ वे कलम आल्यावर तो हेतू समर्थनीय राहत नाही. वाचून मन हलके झाले. पण कायदा एका दिशेने चालत राहतो असेही नाही. २००५ मध्ये त्याच न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सहकारी संस्थेचा ‘सभासद पारशीच असावा’ हा उपनियम वैध ठरवला. मूलभूत हक्क सरकारविरुद्ध मागता येतात, आपखुशीने एकत्र आलेल्या लोकांच्या संस्थेला तो निकष लागत नाही, असा तो विचार. एकट्या शेजाऱ्याला जे नाकारले ते चाळीस शेजाऱ्यांनी संस्था नोंदवली की मिळते! मी कायदा शिकलेली नाही, त्यामुळे निकालावर बोलण्याचा अधिकार सांगत नाही. मास्तरीण म्हणून एवढे दिसते की आमची कमिटी नोंदवलेली नाही आणि तिचा कुणी उपनियम केलेला नाही. ‘आपखुशीने एकत्र’ हे शब्द तिला लावायचे तर खाला कधी आपखुशीने तिच्यात सामील झाल्या, हे कुणीतरी सांगितले पाहिजे.

बडे अब्बा एसटीतून निवृत्त झालेले आहेत. तीस वर्षे चालकाच्या जागेवर बसलेला माणूस, शांत, कुणावर आवाज न चढवणारा. मी त्यांच्याशी या विषयावर बोलले तेव्हा त्यांनी कायदा बाजूला ठेवला आणि मला माझीच गोष्ट सांगितली. ‘बेटी, तेरे को अमरावती में कमरा मिला था?’

नव्हता मिळाला. २०१३ ची गोष्ट. तेव्हा बी.एड. एका वर्षाचे होते. अब्बांबरोबर मी चार दिवस खोली शोधत फिरले. एका घरी मावशींना मी फार आवडले होते. पाणी दिले, खोली दाखवली, गच्चीवर कपडे वाळत घालायची जागा दाखवली. मग नाव विचारले. त्यांचा चेहरा पडला, आणि त्या रागावल्या नाहीत, उलट ओशाळल्या. म्हणाल्या, ‘माझं काही नाही गं, पण आमच्या गल्लीत चालत नाही.’ दुसऱ्या ठिकाणी दलालाने तुमच्या लोकांच्या भागात बघा म्हणून सांगितले. शेवटी फुफीच्या घरी राहिले. तिथून कॉलेज लांब होते, दोन ऑटो बदलून जावे लागे. नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना घर विकत किंवा भाड्याने मिळण्यातल्या अडचणींची नोंद आहे. मी तो अहवाल बी.एड.ला असताना ग्रंथालयात बसून वाचला होता आणि त्या परिच्छेदाशी आल्यावर मला वाटले होते की आपण एकट्या नाही.

बडे अब्बांचे म्हणणे असे की ज्यांना बाहेर कुणी घर देत नाही त्यांना आपला मोहल्ला सांभाळून ठेवावाच लागतो. हा आपला एकच आसरा आहे. तो बळकट असेल तर आपण आहोत. बलवानाने दार लावणे आणि दुबळ्याने दार लावणे एकच कसे? हे म्हणणे मी उडवून लावू शकत नाही. भीतीने दार लावणाऱ्याला आणि गर्वाने दार लावणाऱ्याला मी एका तराजूत घालणार नाही. पण त्या दाराबाहेर उभी असलेली नर्स कोण होती? तिच्याही समाजाला गावकुसाबाहेर ठेवले गेले होते, आणि आपल्याहून कितीतरी जास्त काळ. तिच्यापुढे आम्ही दुबळे नव्हतो. आमच्या अकरा माणसांपुढे ती एकटी होती. आणि अमरावतीच्या त्या मावशींनी मला जे वाक्य ऐकवले, तेच मी तिला ऐकवले. ‘द्यायची नाही म्हणतात.’ म्हणणारे कोण, हे त्यांनीही सांगितले नव्हते, मीही सांगितले नाही.

मोहल्ला कमिटी म्हटले की महाराष्ट्रात भिवंडीचे नाव निघते. खालांचा मुलगा तिथेच असल्यामुळे आमच्या गल्लीत ते नाव रोजचे आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या भयानक दंगली पाहिल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे नऊशे माणसे मेली, तेव्हा भिवंडीत दंगल पेटली नाही. अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात याची दखल घेतली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की रोजचे येणे-जाणे, ईदची खीर आणि दिवाळीचा फराळ हे खेड्यात पुरत असेल, शहरात संकटाच्या वेळी ते टिकत नाही. तिथे दोन्ही समाजांची माणसे एकत्र असलेली संस्था लागते.

आमच्या कमिटीतही भिवंडीचा दाखला अभिमानाने दिला जातो. पण भिवंडीच्या समित्यांची मुख्य गोष्ट आम्ही विसरतो. त्या समित्यांत हिंदू आणि मुसलमान दोघेही मुद्दाम बसवलेले होते. ज्याच्याबद्दल बोलायचे तो समोर खुर्चीवर बसलेला असायचा. बाजूच्या माणसाच्या देखत ‘त्या लोकांना’ म्हणणे जिभेला जड जाते. आमच्या बैठकीत ना त्या नर्सची खुर्ची होती, ना खालांची. नाव दोघांचे एकच, मोहल्ला कमिटी. एक वस्तीत दोघांना बसवते, दुसरी एकीला येऊ देत नाही.

इथे बायकांची बाजू मी फार गोड करून सांगितली तर ते खोटे होईल. बायकांना विचारले असते तर खोली मिळाली असती, असे मला खात्रीने म्हणता येत नाही. माझ्या सासूबाईंचे मत कमिटीपेक्षा कडक होते. नवरा सोडलेली बाई नजरेसमोर नको, असे त्या सरळ म्हणाल्या. दुसऱ्या दोघी-तिघींनी त्यांना दुजोरा दिला. तरीही त्यांचे मत त्यांचे म्हणून लिहिले गेले असते तर मी त्याच्याशी भांडू शकले असते. जे कुणी बोललेच नाही त्याच्याशी भांडायचे कसे?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले ते प्रसिद्ध आहेत. खेडे नव्हे तर व्यक्ती हा घटक धरला याचा आपल्याला आनंद आहे, असे त्यांनी सांगितले. याउलट आमच्याच जिल्ह्यातल्या मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ‘ग्रामगीते’त गाव हाच घटक मानला आणि गाव एकदिलाने बसले तर काय काय होईल याचे चित्र काढले. वऱ्हाडी माणसाच्या मनात हे दोघेही असतात. मय्यतीच्या दिवशी मला तुकडोजी पटतात. खालांनी ‘सब में मैं हूँ के नहीं’ विचारले त्या दिवसापासून आंबेडकर पटतात. गाव एकदिलाने बसलेले दिसते तेव्हा कुणाकुणाला उठवून ते एकदिल झाले, हे मोजून घ्यावे लागते.

या वर्षी सातवीच्या वर्गात मी शब्दांचे मूळ शिकवत होते. मुलांना आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द सांगायला लावले. एकाने ‘मोहल्ला’ सांगितला. मी फळ्यावर लिहिले. हा शब्द अरबीतून आला. मूळ क्रियापदाचा अर्थ गाठ सोडणे, आणि त्यावरून प्रवाशाने उंटावरचे ओझे सोडून मुक्कामाला उतरणे. मोहल्ला म्हणजे जिथे येणाऱ्याने ओझे उतरवले ती जागा. एका मुलीने विचारले, ‘मॅडम, फिर हमारे मोहल्ले में सबसे पहले कौन उतरा?’ मी म्हटले, मला माहीत नाही. माझे दादा परतवाड्याहून आले एवढे मला माहीत आहे. एक पेटी आणि एक गादी घेऊन आले होते आणि पहिले वर्ष एका तेल्याच्या पडवीत राहिले होते, हे ते स्वतः सांगायचे. त्या तेल्याला त्या वेळी कुणी ठराव पाठवला नसावा.

गेल्या महिन्यात नालीचा विषय पुन्हा आला. भावाने चिठ्ठी दिली, मी ठराव लिहिला. नाली मशिदीच्या मागच्या बाजूने वळवावी, नगर परिषदेने उतार काढून द्यावा, सगळे नेहमीचे. शेवटच्या ओळीत मी लिहिले, ‘हजर असलेल्या अकरा पुरुषांच्या मते मंजूर. मोहल्ल्यातील स्त्रियांना विचारण्यात आलेले नाही.’ भाऊ रजिस्टर घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. बडे अब्बांनी सांगितले होते, आपाला म्हणावे शेवटची ओळ काट आणि नेहमीसारखे लिही, अशा कागदावर साहेब हसतील. मी म्हटले, काटणार नाही. ज्यांना नेहमीसारखे हवे आहे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावे, मी शुद्धलेखन तपासून देईन.

त्यानंतर कुणी आलेले नाही. रजिस्टर माझ्या कपाटावर पडून आहे, अर्ज गेलेला नाही. खालांच्या खोलीला कुलूप आहे. नाली आमच्याच दारासमोर तुंबलेली आहे आणि सासूबाई रोज सकाळी काठीने पाणी पुढे ढकलताना, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारतात की तो कागद कधी जाणार आहे.